लहान शस्त्रक्रिया, मोठा ठणका

पत्राचा सारांश : खानापूर तालुक्यातील एका गावातून एका भगिनीचे पत्र आले आहे. वय ४८. घरीच ब्लाउज शिवणे आणि फॉल-पिको करणे हा त्यांचा व्यवसाय. गेली ११ वर्षे त्यांना सांध्यांना सूज आणणारा संधिवात, म्हणजे डॉक्टर ज्याला रूमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो आहे, आणि त्यासाठी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट चालू आहे. उजव्या हाताला रात्री मुंग्या येऊन बोटे बधिर होऊ लागली, तपासणीत मनगटातली नस दबल्याचे निघाले आणि बेळगावच्या एका रुग्णालयात ‘कार्पल टनेल’ची शस्त्रक्रिया झाली. ‘पंधरा-वीस मिनिटांचे काम आहे, संध्याकाळी घरी जाल,’ असे सांगितले होते आणि झालेही तसेच. मात्र त्या रात्री जो ठणका सुरू झाला, तसा ११ वर्षांत कधी अनुभवला नव्हता, असे त्या लिहितात. आज नववा दिवस आहे. ठणका उतरला आहे, पण तळहाताचे बूड कशावरही टेकवत नाही, झोप मोडते, आणि आता दुसरे मनगट व गुडघेही सकाळी आखडू लागले आहेत. ‘या गोळीने जखम चिघळते’ असे एका नातेवाइकाने सांगितल्यामुळे त्यांनी मेथोट्रेक्सेट बंद केले. वेदनाशामक गोळीही दोनदा घेऊन सोडली, कारण आधीच गोळ्यांचा ढीग आहे. घरचे म्हणतात, ‘इतकी वर्षे सोसलेस, आता एवढ्याशा टाक्यांचे काय?’ नणंदेचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, ती तिसऱ्या दिवशी स्वयंपाकाला उभी राहिली, हा दाखलाही रोज ऐकावा लागतो. रुग्णालयात एकदा फोन केला, पलीकडून कन्नडमध्ये उत्तर आले, काय सांगावे ते सुचले नाही आणि त्यांनी फोन ठेवून दिला. त्या विचारतात : ‘माझे ऑपरेशन फसले आहे, की मीच हळवी झाले आहे? शिवाय गणपती तोंडावर आलेत. घेतलेल्या ऑर्डरींचे काय करू?’

ताई,

ऑपरेशन फसले किंवा मी हळवी झाले, या दोनच शक्यता तुम्ही समोर ठेवल्या आहेत, आणि मला दोन्ही पटत नाहीत. पहिल्या रात्री ठणका सर्वांत जास्त होता आणि आता तो उतरला आहे, असे तुम्हीच लिहिता. जखमेचे दुखणे साधारणपणे असेच वागते : पहिले दोन-तीन दिवस जोरात असते, मग दिवसागणिक कमी होत जाते. याच्या उलट घडत असते, म्हणजे चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत बरे वाटून नंतर पुन्हा ठसठस वाढू लागली असती, तर एवढे सविस्तर उत्तर लिहीत बसण्याऐवजी ‘आधी हात दाखवून या’ एवढेच कळवले असते. अर्थात तुमचा हात मी पाहिलेला नाही. तो पाहण्याचे काम ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांचे आहे, आणि ते काम टाळण्यासाठी कृपया या उत्तराचा आधार घेऊ नका.

तुम्ही एक गोष्ट मात्र लिहिलीच नाही. रात्रीच्या मुंग्यांचे काय झाले? ज्या मुंग्यांमुळे उठून हात झटकावा लागत होता, त्या कमी झाल्या असतील तर शस्त्रक्रिया ज्यासाठी केली ते साधले आहे. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून जाणारी नस मोकळी करण्यासाठी तिच्यावरचा जाड पट्टा कापतात. नस मोकळी झाल्याची खूण मुंग्यांवरून कळते, तळहाताच्या दुखण्यावरून नव्हे. तळहाताच्या बुडाशी, टाक्यांच्या दोन्ही बाजूंना दाबल्यावर होणारे दुखणे या शस्त्रक्रियेनंतर इतक्या जणांना होते की डॉक्टरांकडे त्याला ‘पिलर पेन’ असे नावच आहे. ते काही आठवडे राहते, काहींना तीन महिने किंवा त्याहून अधिक काळही जाणवते आणि बहुतेकांचे हळूहळू जाते. मुठीची ताकद परत यायलाही असेच महिने लागतात. नस फार दिवस दबलेली असेल तर बोटांचा बधिरपणा जायलाही वेळ लागतो, तेव्हा तो अजून थोडा उरला असेल तरी घाबरू नका. ही माहिती तुम्हाला आधीच मिळायला हवी होती, आणि ती न मिळणे हा तुमचा दोष नाही.

त्या पहिल्या रात्रीविषयीही असेच म्हणता येईल. अशा शस्त्रक्रियेत हात बधिर करण्यासाठी सुई देतात. औषधानुसार तिचा अंमल एक-दोन तासांपासून काही तासांपर्यंत टिकतो, आणि तो बहुधा घरी पोचल्यावर, दिवेलागणीनंतर कधीतरी ओसरतो. तोवर हात आपला नसल्यासारखा असतो, त्यामुळे माणूस निर्धास्त राहतो, दुखत नाही म्हणून गोळीही घेत नाही. मग सगळे दुखणे एकदमच वर येते, आणि त्या वेळी घेतलेल्या गोळीला चढायला वेळ लागतो. म्हणूनच बधिरपणा उतरू लागायच्या आधीच, सांगितलेल्या वेळेला पहिली गोळी घ्यावी असे सांगतात. ज्यांची अशी लहान शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात आहे, त्यांनी घरी निघण्यापूर्वी एवढा एकच प्रश्न विचारावा : ‘बधिरपणा किती वाजता उतरेल आणि त्याआधी काय घेऊ?’

आता सर्वांत निकडीचे. मेथोट्रेक्सेट तुम्ही मनाने बंद केले आहे, आणि सांधे सकाळी आखडू लागले आहेत ते बहुधा त्यामुळेच, किंवा शस्त्रक्रियेच्या ताणाने संधिवात उसळल्यामुळे, किंवा दोन्हींमुळे. हातावरच्या अशा लहान शस्त्रक्रियेसाठी मेथोट्रेक्सेट सहसा बंद करत नाहीत. संधिवातावरील इंजेक्शनच्या काही नव्या औषधांचे नियम वेगळे असतात आणि ती काही काळ थांबवावी लागतात. नातेवाइकाने कुठेतरी ऐकलेले त्या औषधांविषयीचे असू शकेल. तुमच्या संधिवाताच्या डॉक्टरांना आजच फोन करून किती मात्रा चुकल्या ते सांगा आणि पुन्हा केव्हा सुरू करायचे ते विचारा. चुकलेली भरून काढायला एकदम दोन मात्रा घेऊ नका, आणि ही आठवड्याची गोळी आहे, रोजची नव्हे, हे घरात जो कोणी औषधे काढून देतो त्यालाही सांगून ठेवा, कारण रोज घेतली तर ती जिवावर बेतू शकते. ज्यांना बराच काळ स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी तर त्या एक दिवसही मनाने बंद करू नयेत, शरीर स्वतःचे स्टेरॉइड तयार करायचे विसरलेले असते.

याच औषधांमुळे आणखी एक काळजी घ्यावी लागते, आणि ती तुमच्यासारख्यांना कोणी मुद्दाम सांगत नाही. मेथोट्रेक्सेट आणि विशेषतः स्टेरॉइड घेणाऱ्यांच्या जखमेत पू झाला तरी ताप येईलच असे नाही, लालीही कमी दिसू शकते. म्हणून ‘ताप नाही ना, मग ठीक आहे’ हा घरोघरचा निकष तुम्हाला पुरेसा नाही. दुखणे उतरून पुन्हा चढणे, टाक्यांच्या कडेची लाली बोटभर पसरणे, ओल किंवा वास येणे, बोटे फिकी, निळसर किंवा गार पडणे, नवा बधिरपणा येणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी हात दाखवावा. १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा अधिक ताप आला तर अर्थातच दाखवावा. हाताची आग होत आहे, साध्या स्पर्शानेही कळ जाते, हात सुजून त्याचा रंग बदलतो आणि घाम येतो, असे काही दिवसांनंतर सुरू झाले तर तो वेगळाच विकार असू शकतो आणि तो लवकर ओळखला तर उपचार सोपे जातात. गावातल्या डॉक्टरांनी जखमेसाठी प्रतिजैविक लिहून दिले तर मेथोट्रेक्सेट चालू असल्याचे आवर्जून सांगा. को-ट्रायमोक्सॅझोल नावाचे एक स्वस्त आणि सर्रास मिळणारे औषध मेथोट्रेक्सेटसोबत घेतल्यास रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत घटू शकतात.

तुमच्या भागात श्रावणात कपडे वाळत नाहीत, तिथे पट्टी कशी कोरडी राहणार, असे तुम्ही म्हणाल. ओली पट्टी अंगावर वाळू देऊ नका, बदलून घ्या, त्यासाठी दर वेळी बेळगाव गाठायची गरज नाही. अंघोळीला हातावर प्लास्टिकची पिशवी बांधून हात वर धरा. हळद, तेल, लेप यांपैकी काहीही टाके निघून जखम पूर्ण मिटेपर्यंत लावू नका. घरच्या वडीलधाऱ्यांना हे रुचणार नाही, पण इथे भीड बाळगू नका.

‘एवढ्याशा टाक्यांचे काय?’ या प्रश्नात दोन गृहीतके दडली आहेत. पहिले असे की शस्त्रक्रिया लहान म्हणून दुखणेही लहान. लहान-मोठे हे डॉक्टरांचे माप आहे. किती वेळ लागला, भूल कोणती दिली, जिवाला धोका किती, रात्री ठेवून घ्यावे लागले का, यावरून ते ठरते. दुखणे मात्र जागेवर ठरते. तळहात आणि बोटे ही शरीरातल्या सर्वाधिक संवेदनशील जागांपैकी आहेत आणि दिवसभर त्यांच्यावाचून चालत नाही. तुमच्या नणंदेच्या मोतीबिंदूसाठी डोळ्याला जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा छेद घेतला असेल, त्यावर नंतर कोणी बादली लटकवत नाही. त्या तिसऱ्या दिवशी उभ्या राहिल्या ही आनंदाची गोष्ट आहे, पण तिच्यावरून तुमच्या हाताविषयी काहीच सिद्ध होत नाही.

दुसरे गृहीतक अधिक खोल आहे आणि मला वाटते ते तुम्हीही मनोमन मान्य केले आहे : ज्याला दुखण्याची सवय आहे त्याला नवे दुखणे कमी लागावे. घडते बहुधा उलटे. दिवसभर पोते वाहून आलेल्या खांद्यावर कोणी आणखी एक पिशवी ठेवली, तर ती ताज्या खांद्यापेक्षा जड लागते. वर्षानुवर्षे दुखण्याचे संदेश वाहणारी मज्जासंस्था काही जणांत अधिक जागी, अधिक तीक्ष्ण होते, तेवढ्याच इजेला मोठे उत्तर देते. हे घडते मज्जारज्जूत आणि मेंदूत, त्याचा स्वभावाच्या हळवेपणाशी संबंध नाही. त्यात तुमची झोप मोडलेली, संधिवाताची गोळी थांबलेली आणि मनात ‘फसले की काय’ ही धास्ती. या तिन्हींनी दुखणे वाढते. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा तिच्या जोडीला हेही स्पष्टपणे नोंदवले की एखादी व्यक्ती दुखते असे सांगत असेल तर तिच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. घरात कोणाला पटवून द्यायचे असेल तर एवढे पुरे.

मात्र घरच्यांवर मी फार रागावणार नाही. इतकी वर्षे तुम्ही सोसलेत ते बहुधा न बोलता सोसलेत. सकाळी बोटे वळत नसतानाही कणीक मळली गेली, डबे भरले गेले. घरच्यांनी त्यातून जो अर्थ काढायचा तो काढला. त्यांना ‘फार दुखते’ असे सांगून उपयोग होत नाही, कारण त्यावर काय करावे हे त्यांना कळत नाही. त्याऐवजी काम नेमून द्या : टाके निघून डॉक्टर हो म्हणेपर्यंत भाकरी थापणे, ओले कपडे पिळणे, पाण्याची घागर आणि कुकरचे झाकण ही चार कामे माझ्याकडे नाहीत. उजवा हात शक्यतो छातीच्या वर, बसताना-झोपताना उशीवर ठेवा. बोटे मात्र पहिल्यापासून हलती ठेवायची असतात. मूठ हलकेच मिटणे, उघडणे, अंगठा प्रत्येक बोटाला लावणे, दिवसातून अनेकदा. हात दिवसभर गळ्यात अडकवून ठेवू नका, संधिवात असलेल्यांचा खांदा त्याने लवकर आखडतो.

गोळ्यांच्या ढिगाविषयी तुमची नाराजी मला समजते. परंतु काही दिवसांसाठीची वेदनाशामक गोळी आणि आयुष्यभराची संधिवाताची गोळी एका हिशेबात धरू नका. दुखण्याने झोप जाते, हात हलवला जात नाही, हात न हलवल्याने तो आखडतो आणि मग अधिक दुखतो. ही साखळी तोडण्यासाठी ती गोळी आहे. अजून झोप मोडत असेल तर कोणती, किती आणि किती दिवस, हे डॉक्टरांना विचारून ठराविक अंतराने घ्या. असह्य झाल्यावर एखादी घेणे आणि मग दोन दिवस टाळणे यात तिचा गुण येत नाही. औषध दुकानात मनाने मागू नका, त्याची कारणे तुमच्या बाबतीत खरी आहेत. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, असेक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्या मेथोट्रेक्सेटसोबत जपून द्याव्या लागतात आणि त्या पोट व मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतात. पॅरासिटामॉल त्या मानाने सौम्य आहे, पण मेथोट्रेक्सेटमुळे तुमच्या यकृतावर आधीच लक्ष ठेवावे लागते, म्हणून त्याचीही रोजची मर्यादा विचारून घ्या. शिवाय अंगदुखीच्या आणि सर्दीच्या अनेक जोडगोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेले असते, त्यामुळे नकळत दुप्पट पोटात जाते. पाकिटावरची बारीक अक्षरे मुलांकडून वाचून घ्या.

आता फोनविषयी. ‘सारखी कुरकुर करणारी’ असा शिक्का बसेल या भीतीने दीर्घ आजारी माणसे फोन करत नाहीत, आणि केला तर सुरुवातच जुन्या आजारापासून करतात. मग ऐकणाऱ्याला सगळेच जुने वाटते. तुमच्याकडे सध्या दोन निरनिराळी दुखणी आहेत : तळहाताचे शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांसाठी आणि सांध्यांचे संधिवाताच्या डॉक्टरांसाठी. एका छोट्या वहीत दोन रकाने करा. सकाळी, दुपारी आणि झोपताना दोन्हींना शून्य ते दहापैकी आकडा द्या. सकाळचा आखडलेपणा किती वेळाने सुटतो तेही लिहा. तो तासाभराहून अधिक टिकत असेल तर संधिवात उसळल्याची ती महत्त्वाची खूण आहे. मुंग्यांची रोज एक ओळ लिहा. तीन-चार दिवसांत या वहीवरून जे दिसते ते अर्ध्या तासाच्या बोलण्यातही सांगता येत नाही, आणि आकडे वाचायला कोणाला मराठी यावी लागत नाही.

कन्नडची अडचण आपल्या सीमाभागात अनेकांना येते, विशेषतः फोनवर, कारण समोरासमोर असताना हात दाखवता तरी येतो. बेळगावच्या रुग्णालयांत मराठी समजणारे कोणी ना कोणी असतेच. फोन उचलणाऱ्याला फक्त ‘मराठी’ एवढे म्हणा आणि थांबा, ठेवून देऊ नका. तरी जमले नाही तर पाच-सहा शब्द जवळ असू द्या : नोवु म्हणजे दुखणे, उरी म्हणजे जळजळ, बावु म्हणजे सूज, कीवु म्हणजे पू, जोमु म्हणजे मुंग्या किंवा बधिरपणा. ताप सांगायला आपला ज्वर दोन्हीकडे चालतो. शाळेत कन्नड शिकलेला मुलगा, मुलगी, शेजारची नात, कोणालाही फोनवर शेजारी बसवता येईल. आणि फोनपेक्षा जाऊन येणेच बरे वाटत असेल तर तिकिटाचा विचार आडवा येऊ देऊ नका. कर्नाटकात जून २०२३ पासून राज्यातल्या महिलांना सरकारी साध्या बसचा प्रवास मोफत आहे, फक्त राज्याचा पत्ता असलेले ओळखपत्र सोबत ठेवा.

तुमच्यासारखे पत्र मधुमेह असलेल्या वाचकानेही लिहिले असते, तर मी काही गोष्टी वेगळ्या सांगितल्या असत्या. शस्त्रक्रियेनंतर साखर वाढते आणि वाढलेल्या साखरेत जखम रेंगाळते, म्हणून त्यांनी त्या दिवसांत ती अधिक वेळा तपासावी. ज्यांच्या पायांच्या नसा मधुमेहाने बोथट झाल्या आहेत त्यांना तर पायाच्या जखमेत पू झाला तरी दुखत नाही. तिथे दुखणे नसणे हीच फसगत असते आणि जखम डोळ्यांनी पाहावी लागते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी वर सांगितलेल्या डायक्लोफिनॅकच्या जातीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

राहता राहिल्या ऑर्डरी. टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात, आणि त्या दिवशी डॉक्टरांना ‘काम कधी सुरू करू?’ असे मोघम विचारू नका. शिवणाच्या कामात हाताला काय काय करावे लागते ते करून दाखवा : कापड सरकवणे, बॉबिन भरणे, हुक लावणे, कात्री चालवणे. कापड सरकवायला जोर लागत नाही, ते थोडे थोडे लवकर जमेल. मशीन पायाची असेल तर गुडघे शांत होईपर्यंत मोटर बसवून घेण्याचा विचार करा. कात्रीचे मात्र वेगळे आहे. जाड कापड कापताना सगळा दाब तळहातातून जातो आणि तो नेमका तिथेच बसतो जिथे तुम्हाला आता टेकवत नाही. म्हणून कात्री सर्वांत शेवटी हातात घ्या. या गणपतीला कापून देणारी एखादी मदतनीस मिळते का पाहा, ज्यांची घाई आहे त्यांना आजच फोन करून कापड परत न्यायला सांगा, आणि ज्या थांबायला तयार आहेत त्यांना दसऱ्यानंतरची तारीख द्या, दिवाळीच्या आत त्यांचे ब्लाउज होतील.